‘हाताने मिडी करून देतो’: २४,२०० रुपयांना बसलेला चुना

रेकॉर्ड केलेल्या ड्रमवरून मिडी (कुठला ठोका कधी आणि किती जोरात वाजला याची नोंद ठेवणारी फाइल) काढायचं काम एका अनोळखी माणसाला दिलं. सहा गाणी, गाण्यामागे ४,५०० रुपये, एकूण २७,०००. त्यातले अर्धे आधी, म्हणजे १३,५००. मग ‘व्हेलॉसिटी (प्रत्येक ठोक्याचा जोर) हाताने भरायची असेल तर गाण्यामागे ७५० वेगळे’ म्हणून ४,५००. मग ‘सॅम्पलच्या (मिडीने वाजवायच्या, आधीच रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांच्या) लायसन्सचे’ म्हणून ६,२००. बेरीज २४,२००. बदल्यात काय मिळालं, तर एक बटण दाबून कुणालाही काढता येतील अशा सहा मिडी फाइली. त्याचा नंबर आता बंद आहे.

‘एवढं कळतं तर स्वतः का नाही केलं?’ असं विचारणारे येतीलच. ड्रम सेटच्या प्रत्येक भागाला वेगळा माइक, वेगळा ट्रॅक. किक, स्नेअरचे वरखाली दोन माइक, हाय-हॅट, तीन टॉम, दोन ओव्हरहेड (सेटच्या वर टांगलेले), दोन रूम (खोलीचा आवाज घेणारे): असे ११ ट्रॅक, गुणिले सहा गाणी. किक आणि टॉम गेट लावून (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करून) ट्रिगरने (ठोके आपोआप ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) निघतात, त्याला कुणी पैसे मोजत नाही. खरं काम स्नेअरचं. थ्रेशोल्ड (ठोका म्हणून धरायची पातळी) खाली आणला की शेजारच्या हॅटचा ब्लीड (माइकमध्ये शिरलेला आवाज) स्नेअर म्हणून लागतो, वर नेला की घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) गळतात. मग एकेक ठोका कानाने ऐकून ठेवायचा की काढायचा ते ठरवावं लागतं. हे काम बाहेर देण्यात मूर्खपणा काहीच नाही. त्याने ऐकवलेला डेमो तर झकास होता. कुणाचा होता देव जाणे.

आता ज्या क्षणी ओळखायला हवं होतं तो क्षण. पहिले पैसे गेल्यावर त्याने ३० सेकंदांचा नमुना पाठवला. स्नेअर दुहेरी ऐकू येत होता, फ्लॅम वाजवल्यासारखा. विचारलं तर म्हणे, ‘लेटन्सी आहे सर, फायनलमध्ये जाईल.’ अहो, रेंडर केलेल्या, म्हणजे आधीच तयार होऊन आलेल्या फाइलमध्ये कसली लेटन्सी (वाजवताना आवाज यायला होणारा उशीर)? आणि आली तरी ती सगळ्या ठोक्यांना सारखीच येणार. ओव्हरहेड स्नेअरपासून एक मीटरवर असेल तर तिथे आवाज साधारण ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो, दर वेळी तितकाच, आणि तो दुहेरी ऐकूही येत नाही. नमुन्यात मात्र दुसरा ठोका कधी मागे होता, कधी पुढे. याचा अर्थ एकच: मिडी ग्रिडला, म्हणजे तालाच्या समान आखलेल्या रेघांना चिकटवला, सॅम्पल त्यावर वाजवलं, आणि ओव्हरहेड मूळ जागी तसेच ठेवले. टायमिंग सुधारायचं तर ११ ही ट्रॅक एका ग्रुपमध्ये एकत्र कापून सरकवायचे, मग त्या सरकवलेल्या ऑडिओवरून मिडी काढायचा. हा क्रम या कामातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण समोरचा ‘सर, सर’ करत होता, रिलीजची तारीख डोक्यावर होती, आणि लेटन्सी हा शब्द असा आहे की तो ऐकला की माणूस मान डोलावतो. तिथेच थांबलो असतो तर पुढचे १०,७०० वाचले असते.

फाइली उघडल्यावर व्हेलॉसिटीची लेन बघायला चष्मा लागला नाही: सगळे ठोके १००. याच ‘हाताने भरलेल्या’ व्हेलॉसिटीचे ७५०. घोस्ट नोट नाहीत. मिडीत प्रत्येक वाद्याला नोटचा नंबर असतो: उघडी हॅट म्हणजे ४६ कुठेच नाही, सगळीकडे मिटलेल्या हॅटचा ४२. फाइलीत टेम्पो (बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती बीट) १२०, गाणं क्लिकवर (मेट्रोनोमवर) ९२ ला वाजवलेलं. त्यातही एक गाणं शफल, म्हणजे बीटचे तीन समान भाग करून झुलत चालणारं. ९२ ला एक बीट ६५२ मिलिसेकंदांची, ट्रिप्लेटचा तिसरा ठोका ४३५ वर पडतो. पठ्ठ्याने सरळ सोळाव्या ग्रिडला (बीटचे चार समान भाग) शंभर टक्के क्वांटाइझ केलं, म्हणजे ओढून बसवलं, ठोका गेला ४८९ वर. ५४ मिलिसेकंदांनी! शफलचा पार मार्च झाला.

खरा पुरावा वेगळाच निघाला. एका गाण्यात चार बार (तालाची चार मापं) ड्रम बंद आहेत, नुसता बेस वाजतो. किकचा माइक शांत. तरी मिडीत तिथे किकच्या, म्हणजे ३६ च्या नोटा, बेसच्या प्रत्येक स्वरावर. म्हणजे मिडी काढायला ११ ट्रॅक त्याने वापरलेच नाहीत, ऐकण्यापुरता पाठवलेला रफ मिक्स कन्व्हर्टरमध्ये टाकला. कुणालाही रफ मिक्स पाठवू नका. बीपीएमची नोंद मागायला जो विसरतो त्याला काम देऊ नका.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘फाइल आली ना? मग फसवणूक कुठली?’ ड्रमचं नेमकं काय केलं हे समजावता समजावता टेबलं बदलली, प्रत्येक टेबलावर पुन्हा पहिल्यापासून. एका मसुद्यात तर ‘ड्रम चोरीस गेले’ असं लिहिलेलं, ते खोडायला लावलं. ‘हा व्यवहाराचा वाद, दिवाणी कोर्टात जा.’ २४,२०० साठी कोर्ट, वकिलाची फी कोण देणार? बँकेत वेगळीच तऱ्हा. ‘यूपीआय पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अधिकृत.’ तो पिन खोटं सांगून टाकून घेतला, हीच तर तक्रार आहे! मग ‘ठाण्याचं पत्र आणा’. ठाणं म्हणतं बँकेकडून खात्याची माहिती आणा. तोपर्यंत खातं रिकामं करायला त्याला कुणी अडवलं होतं का? आणि या सगळ्यात शहाणपणाचे बोल आपल्यालाच: ‘ओळख नसताना पैसे का दिलेत?’

पैसे गेले की आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा, चॅट एक्स्पोर्ट करा. अर्जात मिडी हा शब्द टाळा. ‘कबूल केलेलं काम करण्याचा हेतू नसताना पैसे घेतले’ असं लिहा. जुनं ४२० म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८.

नमुना मागाल तेव्हा आठ बार तुम्हीच निवडून द्या, फिल आणि घोस्ट नोट असलेले. मिडी फाइल मागा, आवाज नको. मूळ स्नेअर डाव्या बाजूला, मिडीवरचं सॅम्पल उजवीकडे पॅन करा आणि हेडफोन लावा. ठोके सुटत असतील तर लगेच कळतं. रीट्रिगर टाइम (एक ठोका धरल्यावर पुढचा धरेपर्यंतचा थांबा) किती ठेवतोस विचारा. ९२ ला बत्तिसावी नोट (बीटचा आठवा भाग) ८२ मिलिसेकंदांची, तेव्हा ५०-६० म्हणाला तर बरं. १०० च्या वर म्हणाला तर तुमचे रोल गेले. सॅम्पल बदलायचं असेल तर राउंड रॉबिन (एकाच ठोक्याची आलटून-पालटून वाजणारी वेगवेगळी सॅम्पलं) आहे का तेही विचारा, नाहीतर रोल मशीनगनसारखा वाजतो. आणि मूळ ऑडिओचा सेशन जसाच्या तसा जपून ठेवा.

तोच डेमो आता दुसऱ्या नंबरवरून फिरतोय. ‘तबला-ढोलकीचंही मिडी करून देतो, गाण्यामागे ५,५००.’ मेसेज आलाच तर डग्ग्यावरची मींड कुठल्या नोटमध्ये बसवणार एवढं विचारा.