एकाच कागदावरची दोन तिकिटं

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आमच्या बॅगेला पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "बॅग चेन्नईला उतरवून घ्या." मी म्हटलं, आम्हाला अंदमानला जायचंय, बॅग थेट तिकडेच जाणार आहे. तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. "मॅडम, तुमचं तिकीट चेन्नईपर्यंतच आहे. पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, ते आम्हाला इथे दिसत नाही."

आमची फसवणूक झाली आहे हे त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण रात्रीच्या गाडीने आलेलो, झोप नव्हती, सासूबाईंचे पाय सुजलेले. मी मानेनेच बरं म्हटलं आणि पुढे निघाले. पुढच्या सहा तासांत आमचं लाखाच्या वर नुकसान झालं. ते कसं झालं, हे मी तपशिलात सांगणार आहे, कारण आमच्या अमळनेर, धरणगाव, चोपडा भागातून आता बरीच मंडळी अंदमानला जायला लागली आहेत आणि जवळपास सगळ्यांची तिकिटं ओळखीच्या एजंटाकडूनच काढलेली असतात.

ही सहल सासूबाईंसाठी होती. सावरकर बंधू शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे. काळ्या पाण्याच्या गोष्टी त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या, आणि सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायचं ही त्यांची फार जुनी इच्छा. त्यांनी स्वतःची एफडी मोडली. मी, हे, पुण्याला शिकणारी मुलगी आणि त्या, असे चौघं. तारीख ठरली २०२५ च्या जानेवारीतली.

एजंट गावातलाच. दुकानात चहा पाजला, ताई-ताई म्हणत सगळं समजावलं. मुंबई ते चेन्नई सकाळी ७.५० चं विमान, ९.५० ला उतरायचं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर १२.१० ला. "मधे जवळजवळ अडीच तास आहेत ताई, आरामात नाश्ता होईल." आणि वर माणशी १,५०० रुपये 'कनेक्शन गॅरंटी' म्हणून घेतले. पहिलं विमान लेट झालं तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी त्याची, असं तो तोंडाने म्हणाला. चौघांचे ६,००० दिले. हातात आला तो एक रंगीत छापलेला कागद. वर त्याच्या दुकानाचं नाव, खाली दोन्ही विमानं एकाखाली एक, मधे बाण काढलेला. तो कागद आम्ही तिकीट समजून जपला. ते तिकीट नव्हतंच, त्याने स्वतः संगणकावर बनवलेलं पान होतं. त्यात बारीक अक्षरात दोन वेगवेगळे पीएनआर, म्हणजे बुकिंगचे नंबर, होते, पण पीएनआर मोजायचे असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं.

सगळी मेख इथे आहे. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर तो तुमचा एक प्रवास असतो. बॅगेला शेवटच्या ठिकाणाची पट्टी लागते, आणि पहिलं विमान लेट झाल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम असतं. पीएनआर दोन असले की त्या दोन कंपन्यांना एकमेकींची खबरही नसते. चेन्नईत उतरायचं, पट्ट्यावर बॅग येईपर्यंत थांबायचं, बाहेर पडायचं, दुसऱ्या टर्मिनलला जायचं आणि नव्याने बॅग द्यायची. त्यात काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं. म्हणजे आमची खरी वेळ १२.१० नव्हती, ११.१० होती. बॅगेची आणि चालण्याची वेळ वजा केली तर त्या 'अडीच तासां'तून अर्धा तास उरत होता. हा हिशोब एजंटला पाठ होता. त्याने दोन स्वस्त तिकिटं जोडली आणि आमच्याकडून जोडतिकिटाचे पैसे घेतले.

जानेवारीत उत्तरेकडे धुकं असतं. तिकडून येणारं विमान अडकलं की तेच विमान पुढे जिथे जिथे जाणार, तिथली सगळी वेळापत्रकं कोलमडतात. आमचं विमान आधी चाळीस मिनिटं, मग तासभर असं करत ९.४० ला उडालं. चेन्नईत दरवाजा उघडला तेव्हा ११.४० झाले होते. पहिल्या कंपनीकडे मागायलाही काही नव्हतं. एवढ्या अंतराच्या विमानाला नियमाने चहा-नाश्ता द्यावा लागतो तोही दोन तासांच्या पुढे उशीर झाला तर. दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. आणि दुपारनंतर तिकडे जाणारी विमानं फारशी नसतात, त्यामुळे त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपला. बेटावर जाताना हे जास्त महागात पडतं, कारण विमानाच्या पुढे बोट असते. एजंटने त्याच दुपारची स्वराज द्वीपची, म्हणजे जुन्या हॅवलॉकची, क्रूझ काढून ठेवलेली. जेट्टीवर तासभर आधी हजर राहावं लागतं. बोट कोणासाठी थांबत नाही आणि ऐन वेळी पैसेही परत मिळत नाहीत.

एजंटला फोन लावला. आधी "बघतो ताई" म्हणाला. मग फोन बंद.

आता दुसरी चोरी. मुलीने रागाच्या भरात दुसऱ्या विमान कंपनीला उद्देशून समाजमाध्यमावर तक्रार टाकली आणि पुरावा म्हणून त्या कागदाचा फोटो जोडला. फोटोत पीएनआर आणि आडनाव स्वच्छ दिसत होतं. दहा मिनिटांत कंपनीचंच चिन्ह लावलेल्या खात्यावरून उत्तर आलं, 'असुविधेबद्दल क्षमस्व, आपला मोबाइल नंबर कळवा.' लगेच फोन. हिंदीत बोलणारा, अतिशय शांत माणूस. त्याला आमच्या चौघांची नावं माहीत होती, विमान माहीत होतं, परतीची तारीखसुद्धा. म्हणून आम्हाला शंका आली नाही. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कंपनीच्या वेबसाइटवर कोणालाही तुमचं सगळं बुकिंग उघडता येतं, हे आम्हाला नंतर समजलं.

तो म्हणाला, उद्याच्या विमानात विनाशुल्क जागा देतो, फक्त १० रुपये भरून नोंद करायची आहे. व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, ती यांच्या फोनमध्ये टाकायला लावली. मग बजावलं, अर्धा तास स्क्रीनला हात लावू नका, नाहीतर बुकिंग तुटेल. त्या अर्ध्या तासात आम्ही चौघं खुर्च्यांवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो. काम होतंय या विश्वासाने. त्या फाइलमुळे यांची स्क्रीन आणि येणारे ओटीपी त्याला दिसत होते. खात्यातून आधी २४,९०० गेले, मग २३,८००.

मेसेज बघितल्यावर हे नुसते बसून राहिले. मला रडू आवरेना. तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. "पैसा गयात ते गयात, तू रडू नको व माय." त्यांच्याच एफडीचे पैसे होते ते.

दारावरच्या सीआयएसएफच्या जवानाने सांगितलं, आधी १९३० लावा, बाकी सगळं नंतर. तो सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवा. ते बँकेचं नाव, व्यवहाराची वेळ आणि मेसेजमधला बारा आकडी संदर्भ क्रमांक विचारतात, आणि पैसे पुढे ज्या खात्यात गेले तिथे अडवायला सांगतात. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, म्हणून एकेक मिनिट महत्त्वाचं. आमचा फोन साधारण पस्तीस मिनिटांनी लागला. २१,००० अडले, बाकीचे निसटले. फोनचं इंटरनेट बंद केलं, ती फाइल काढली, बँकेला कळवून खातं थांबवलं. परत आल्यावर राष्ट्रीय सायबर पोर्टलवरच्या तक्रारीची प्रत घेऊन जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं. अडकवलेले पैसे मिळायलाही तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता, असं तिथेच कळलं.

आम्ही रात्र चेन्नईत काढली आणि दुसऱ्या दिवशी गेलो. नवी तिकिटं ३७,६००, चेन्नईच्या दोन खोल्या ५,८००, क्रूझचे बुडालेले ६,६००, हॅवलॉकची रिकामी राहिलेली खोली ४,२००. त्यात ती 'गॅरंटी' आणि चोरीला गेलेले ४८,७०० मिळवले की १,०८,९०० होतात.

एजंटच्या दुकानात गेले तेव्हा तो म्हणाला, विमान लेट झालं त्यात माझा काय दोष? गॅरंटीचं विचारलं तर, ती सेवाशुल्क होती. आणखी एक गोष्ट त्याने लपवली होती. प्रवासी विमानाला हजर राहिला नाही तरी तिकिटातला कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. तो परतावा त्याच्या खात्यात येऊन पडला होता. आम्ही कंपनीला मेल करून विचारलं म्हणून कळलं, नाहीतर तोही गेला असता.

तिकीट हातात आलं की त्याच दिवशी, एजंटसमोर बसूनच, विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाका. जाण्याची दोन्ही विमानं एकाच पानावर उघडली पाहिजेत. अंदमानच्या तिकिटावर श्री विजयपुरम असं दिसलं तर घाबरू नका, २०२४ च्या सप्टेंबरपासून पोर्ट ब्लेअरचं ते नाव आहे. एकाच पीएनआरवर मिळत नसेल तर आदल्या दिवशीच चेन्नई किंवा कोलकात्याला पोहोचा. खोलीचे तीन हजार जातील, जाऊ द्या. पोहोचण्याच्या दिवशी पुढची बोट काढूच नका. पीएनआरचा फोटो कुठेही टाकू नका. आणि विमान चुकलं तर फोनवर नंबर शोधत बसू नका, विमानतळावर कंपनीचं काउंटर असतं, तिथे जाऊन उभं राहा. आम्ही त्या काउंटरपासून पन्नास पावलांवर बसलो होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी एजंटची तक्रार नोंदवली. त्याने उत्तर दिलं नाही, म्हणून आता जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते, म्हणून कागद आत्ताच गोळा केलेत: तो रंगीत कागद, गॅरंटीच्या पैशांची यूपीआयची नोंद, दोन्ही कंपन्यांचे मेल. मुंबईला बॅगेवर चिकटवलेली पट्टी सासूबाईंनी फाडून फेकली नव्हती, पिशवीत घडी करून ठेवली होती. तिच्यावर पोर्ट ब्लेअरचं नाव कुठेही नाही, फक्त चेन्नईचं आहे. वकीलबाईंनी ती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.