डकटेल्स रिमास्टर्ड घ्यायचा की जुन्या गेम्सचं कलेक्शन?

सेल लागला की हा प्रश्न येतोच. डकटेल्स, म्हणजे डिस्नेच्या त्या कार्टूनवरचा गेम, परत खेळायचाय, पण नक्की कुठला घेऊ, २०१३ला नव्याने बनवलेला रिमास्टर्ड की जुने गेम एकत्र देणारं २०१७चं डिस्ने आफ्टरनून कलेक्शन? दोन्ही कॅपकॉमचेच, दोन्हीत तोच श्रीमंत बदक स्क्रूज, तीच काठी, तोच चंद्र. पण बनवणाऱ्यांचा विचार दोन्हीकडे पार वेगळा आहे, त्यामुळे कुणी "कुठलाही घे, सारखंच आहे" म्हणत असेल तर ऐकू नका.

आधी मूळ गेमबद्दल बोलायला लागेल. १९८९चा, निन्टेन्डोच्या ८-बिट मशीनवरचा. नव्वदीत रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून डकटेल्स बघणारी आपल्याकडची जी पिढी आहे तिला स्क्रूज पाठ आहे, पण गेम सगळ्यांच्या हाताला लागला असं नाही. आणि त्या गेमचा जीव कशात असेल तर काठीच्या उडीत, ज्याला सगळे पोगो म्हणतात. उडी मारायची, हवेत असताना खालचं बटण आणि बी एकत्र दाबायचं, की स्क्रूज काठीवर टुणटुण उड्या मारत शत्रूंच्या डोक्यावरून, काट्यांवरून पुढे जातो. टायमिंग हुकलं की काठी लागतच नाही आणि तुम्ही थेट शत्रूच्या अंगावर. सुरुवातीला वैताग येतो, मग बोटांना एकदा कळलं की सोडवत नाही. त्यात पाच लेव्हल, अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय, चंद्र, वाटेल त्या क्रमाने जा (खाणीची किल्ली मात्र ट्रान्सिल्व्हेनियातून आणायला लागते). हिमालयात मऊ बर्फावर पोगो केला तर स्क्रूज रुतून बसतो, म्हणजे इतका वेळ ज्या उडीवर भरवसा ठेवला तीच तिथे अडचण होते. एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये इतका विचार केलेला आहे.

आता रिमास्टर्ड. वेफॉरवर्ड या स्टुडिओने केलाय आणि दिसायला खरंच देखणा आहे. पात्रं हाताने काढलेली, मागचं जग थ्रीडी, स्क्रूज चालतो तेव्हा कार्टूनमधलाच वाटतो. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट आवाज. अ‍ॅलन यंग, ज्यांनी मूळ इंग्रजी मालिकेत स्क्रूजचा आवाज दिला होता, त्यांनीच वयाच्या ९३व्या वर्षी परत येऊन या गेमसाठी डायलॉग बोललेत, आणि मॅजिका या जादूगारणीला जून फोरे, त्या पण नव्वदीच्या पुढच्या. आज दोघंही नाहीत. त्यामुळे हे रेकॉर्डिंग होऊन गेलं हेच किती बरं झालं असं मला प्रत्येक वेळी वाटतं. म्युझिक जेक कॉफमनचं, चंद्राची ती धून त्याने नव्याने अशी उभी केलीय की लेव्हल संपवायची घाई होत नाही, आणि गेम एकदा पूर्ण केला की जुनं ८-बिट म्युझिक पण लावता येतं.

पोगो इथे एका बटणावर आणलाय, आणि ज्याला जुनी पद्धत हवी त्याला सेटिंगमध्ये ती पण ठेवलीय. हे अगदी योग्य केलं. नवीन माणसाला आत येऊ द्या, जुन्याची सवय मोडू नका, रिमेक करताना याहून वेगळं काय पाहिजे.

पण मग गोष्ट. मूळ गेममध्ये गोष्ट जेमतेम होती, इथे प्रत्येक लेव्हलला वाढवलीय. अ‍ॅमेझॉनमध्ये आठ नाणी गोळा करा, चंद्रावर गिझ्मोडकचं (चिलखत घालणारा सुपरहिरो बदक) सामान शोधा, ट्रान्सिल्व्हेनियात स्क्रूजच्या पुतण्यांना शोधत फिरा, आणि दर थोड्या वेळाने खेळ थांबतो नि पात्रं बोलायला लागतात. डायलॉग छान आहेत, पहिल्यांदा ऐकताना मजा येते, स्किपही होतात, पण उड्यांची लय लागलेली असताना मध्येच थांबवलं की तुटतं ते तुटतं. आणि जिथे आधी वाट्टेल त्या रस्त्याने शेवटाला पोचता यायचं तिथे आता कोपरान् कोपरा धुंडाळायला लागतो. माझ्या मते रिमास्टर्डची खरी कमजोरी हीच आहे, ग्राफिक्स बिफिक्स नाही.

कलेक्शनमध्ये यातलं काहीच नाही. डिजिटल इक्लिप्स या स्टुडिओने मूळ सहा गेम जसेच्या तसे दिलेत: डकटेल्सचे दोन, चिप अँड डेल रेस्क्यू रेंजर्सचे दोन, टेलस्पिन आणि डार्कविंग डक. चित्रं तीच जाड ठोकळ्यांची, स्क्रीन तीच चौकोनी. बदललंय ते गेमच्या बाहेरचं, आणि त्यात रिवाइंड. खड्ड्यात पडलात, बटण दाबून धरा, स्क्रूज उलटा वर येतो आणि तुम्ही त्याच उडीच्या आधी उभे. ऐकायला ही चीटिंग वाटते पण खेळून बघा, एकच अवघड उडी परत परत करत बसलं की पोगो लवकर शिकता येतो, नाहीतर तीन लाइफ गेल्या की सगळं पहिल्यापासून, आणि ऑफिस करून घरी आल्यावर एवढा वेळ कुणाकडे आहे. शिवाय कधीही सेव्ह करता येतं, घड्याळ लावून खेळायचा टाइम अटॅक आहे, सगळे बॉस ओळीने मारायचा मोड आहे, जुनी स्केचेस बघायला मिळतात. रेस्क्यू रेंजर्स दोघांनी मिळून खेळता येतो, खोकी उचलून फेकायची, आणि चुकून किंवा मुद्दाम आपल्या पार्टनरलाच उचलून फेकायचं. भावंडांसाठी याच्याइतका चांगला गेम मी तरी पाहिला नाही. टेलस्पिन मात्र विमानातून गोळ्या मारायचा आहे, उड्यांचा नाही, आणि मला तो कधी फारसा आवडला नाही.

याच जातीचे अजून दोन थोडक्यात. कॅसल ऑफ इल्युजन, १९९०चा सेगाचा मिकी, त्याचा रिमेक पण २०१३लाच आला, सेगाच्या ऑस्ट्रेलियातल्या स्टुडिओने केलेला, आणि मूळ गेमच्या दिग्दर्शिका एमिको यामामोतो त्यातही होत्या. सगळं थ्रीडी, किल्ल्यात फिरता येतं, लहान मुलांसाठी एक नंबर, फक्त दोन-तीन तासांत संपतो. दुसरं म्हणजे अलादिन आणि लायन किंगचं कलेक्शन, तेही डिजिटल इक्लिप्सचंच. त्यात गेम स्वतःच खेळून दाखवतो आणि वाटेल तिथे आपण कंट्रोलर हातात घेऊ शकतो, लायन किंगच्या माकडांच्या लेव्हलला अडकून ज्यांनी नाद सोडला त्यांच्यासाठी ही सोयच झाली. घेणार असाल तर २०२१चं घ्या, २०१९चं नको, कारण नंतरच्यात जंगल बुक आणि कॅपकॉमचा वेगळा अलादिनही आहे.

तर घ्यायचं काय? लहानपणी खेळला असाल आणि बोटांना तीच मजा हवी असेल तर कलेक्शन, डोळे झाकून, आणि एका गेमऐवजी सहा मिळतात हे वेगळंच. कार्टून आवडायचं पण गेम कधी खेळला नाही, ठोकळ्यांची चित्रं बघून कंटाळा येतो, तर रिमास्टर्ड. त्यात डायलॉग पहिल्यांदा सगळे ऐका, दुसऱ्यांदा सगळे स्किप करा, गेम एकदम वेगवान होतो. घरात सात-आठ वर्षांचं पोर असेल आणि आधी त्याच्या हातात द्यायचा असेल तर मिकीपासून सुरू करा, पोगो नंतर शिकेल. आणि दोन्हीचे पैसे असतील तर आधी कलेक्शनमधला डकटेल्स संपवा आणि मग रिमास्टर्ड लावा, वेफॉरवर्डने कुठे काय वाढवलं आणि कुठे उगाच ताणलं ते तेव्हाच नीट कळतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे सगळे गेम डिस्नेच्या लायसन्सवर चालतात. रिमास्टर्ड ऑगस्ट २०१९मध्ये ऑनलाइन स्टोअरमधून काढला होता, मार्च २०२०मध्ये परत आला. मिकीचा रिमेकही असाच २०१६मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी आला. म्हणजे अजून मोठ्या सेलची वाट बघत बसलात आणि मध्येच गेम गायब झाला असं खरोखर होऊ शकतं. किंमत परवडतेय असं दिसलं की घेऊन टाका.