मूळ कूलरला नवी पेस्ट, की सरळ टॉवर कूलर?

डेस्कटॉप मंदावला की आधी रॅम आणि हार्ड डिस्कवर संशय जातो. ते सगळं पाहून झालंय, तरी जरा जड काम लावलं की पंखा किंचाळतो आणि मशीन रांगायला लागतं, असं धरून पुढे लिहितो. उदाहरणाला इंटेलचा आय५-१०४०० घेऊ. हा प्रोसेसर अजून पुष्कळ घरांत आणि ऑफिसांत आहे, आणि त्याच्या डब्यात येणारा चार पिनांचा गोल कूलरही. प्रश्न असा: त्या कूलरखालची पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, बदलायची, की टॉवर कूलर, म्हणजे उभ्या उंच हीटसिंकला बाजूनं पंखा लावलेला मोठा कूलर, घ्यायचा?

खर्चाआधी एक खात्री करून घ्या. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि स्पीड दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून दहा मिनिटं प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लावा. तापमान १०० अंशांना टेकलं, ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (उष्णतेमुळे स्पीड कमी करणं) ‘येस’ आलं आणि स्पीड मूळ २.९ गिगाहर्ट्झच्याही खाली घसरला, तर दोष थंडाव्याचा. पण तापमान सत्तरीतच आहे आणि सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटानंतर स्पीड ४ वरून थोडा उतरून तिथेच स्थिर राहतो, तर ती प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची ६५ वॉटची मर्यादा आहे. इंटेलच्या हिशेबानुसार जादा वीज साधारण २८ सेकंदच मिळते. तिथे कुठलाच कूलर काही करणार नाही. आणखी एक, विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के असेल तर टर्बो, म्हणजे मूळ स्पीडच्या वर जाणं, बंद पडतो. लॅपटॉप गार ठेवायची ही युक्ती डेस्कटॉपवर करून विसरलेले बरेच भेटतात.

आता दोष थंडाव्याचाच निघाला, तर पहिला मार्ग स्वस्त. पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंगकामाचा मऊ ब्रश. हीटसिंकच्या (कूलरचा धातूचा भाग) पात्यांत बसलेला धुळीचा नमदा काढायचा, जुनी पेस्ट पुसायची, वाटाण्याएवढी नवी लावायची. अर्ध्या तासाचं काम, आणि नुसत्या धुळीचा दोष असेल तर एवढ्यानं भागतं. मग तर कूलर उतरवूही नका. पंखा बोटानं धरून ब्रश फिरवा आणि पुन्हा तापमान बघा.

कूलर उतरवला की मात्र त्या चार पिनांशी गाठ पडते. माझं मत इथेच टॉवरच्या बाजूनं फिरलं. उतरवताना पिनांची डोकी बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढायची. बसवताना ती आधी उलट फिरवून मूळ जागी आणायची, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी एकाच वेळी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबायची. कागदावर सोपं वाटतं. पण काही वर्षं उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. टोकाची पाकळी तुटते किंवा नीट फाकत नाही, आणि तरी आवाज येतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण एक कोपरा केसभर उचललेला राहतो, दाब तिरका पडतो आणि पेस्ट एका बाजूला जाड राहते. ओळख अशी: काम लावताच तापमान काही सेकंदांत नव्वदीपार. पात्यांत धूळ असेल तर ते सावकाश चढतं. खात्री करायची तर मदरबोर्ड मागून पाहावा लागतो. चारही छिद्रांत पांढऱ्या पाकळ्यांच्या मधून काळी टोकं आरपार आलेली दिसली पाहिजेत. पिनांचा सुटा संच मिळतो म्हणा, पण भरवसा पुन्हा त्याच पद्धतीवर.

टॉवर कूलरमध्ये हा खेळच नाही. बहुतेकांत मदरबोर्डमागे बॅकप्लेट (आधाराची पट्टी) येते आणि स्क्रू अडेपर्यंत फिरवायचे असतात. दाब बोटांच्या अंदाजावर राहत नाही. १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही भागतं, त्यामुळे आवाज उतरतो. मी मोजमाप मांडत नाही, पण माझ्या अनुभवात पेस्ट बदलल्यावर जो फरक पडतो त्याहून हा स्पष्ट जाणवतो, विशेषतः मे महिन्यात. खोलीचं तापमान दहा अंश चढलं की प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच चढतं, आणि मूळ कूलरकडे तेवढी सवड नसते.

तोटे आहेतच. कॅबिनेटच्या मदरबोर्ड ट्रेला मागून खिडकी नसेल तर अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. बरेच १२० मिलिमीटरवाले टॉवर १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. ऑफिसच्या सडपातळ कॅबिनेटमध्ये ते मावत नाहीत, तिथे नवी पेस्ट आणि नव्या पिना हाच मार्ग. उंच हीटस्प्रेडरची (वरचं धातूचं कवच) रॅम पंख्याला अडू शकते. आय३ वर नुसतं टायपिंग आणि ब्राउझिंग चालत असेल तर टॉवर घ्या असा आग्रह मी धरणार नाही.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या एएम४ प्रकारच्या बोर्डांचं गणित थोडं वेगळं. त्यांच्या प्रोसेसरसोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर मुळातच स्क्रूंवर बसतो, म्हणून तिथे आधी पेस्ट बदलून बघणं मलाही पटतं. फक्त काढण्याआधी मशीन थोडा वेळ कामाला लावून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून (बोर्डवरची त्याची बैठक) उपटून येतो आणि त्याच्या खालच्या बारीक पिना वाकतात.

टॉवर घेणार असाल तर सॉकेट नक्की सांगा. आय५-१०४०० च्या एलजीए १२०० सॉकेटला कूलरच्या छिद्रांतलं अंतर ७५ मिलिमीटर असतं, बाराव्या पिढीच्या एलजीए १७०० ला ७८, त्यामुळे दुकानातला जुना माल बाराव्या पिढीच्या बोर्डवर जादा ब्रॅकेटशिवाय बसत नाही. पंख्याचा वारा कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे जाईल असा बसवा, आणि वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा. दुसरीकडे लावली तर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंख्याची तक्रार दाखवून थांबतात.