अंगणाच्या कामात झालेली फसवणूक: पाइपचं दुसरं टोक बघून मगच पैसे द्या

कर्वेनगरमधल्या आमच्या जुन्या बंगल्याचं मागचं अंगण नव्याने करून देतो म्हणून एका ठेकेदाराने १ लाख ३० हजार रुपये घेतले आणि जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात बाबांच्या खोलीत घोटाभर पाणी शिरलं. तक्रार करायची आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहिते, कारण पावसाळ्याआधी घाईने अशी कामं करून घेणारी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत.

अंगण २० बाय १५ फुटांचं. जुनी शहाबादी फरशी घराच्या बाजूला खचलेली, वर शेवाळ. बाबा ७९ वर्षांचे, काठी घेऊन चालतात, म्हणून काम काढलं. ठेकेदार अगदी गोड बोलणारा. "काका, मला मुलगाच समजा." कोटेशनमध्ये लिहून दिलं होतं: जुनी फरशी उखडून राडारोडा उचलणं, खोदाई, ९ इंच दगडी सोलिंग (काँक्रीटखाली ठोकून बसवलेला दगडांचा थर), ४ इंच काँक्रीट, वर खरखरीत कोटा फरशी, कोपऱ्यात जाळीचं चेंबर आणि तिथून ४ इंची पाइप बोळातून थेट रस्त्याच्या पावसाळी गटारापर्यंत, ४० फूट. उतार चेंबरकडे, पन्नासास एक, म्हणजे १५ फुटांत साधारण साडेतीन इंच. कागदावर एकही चूक नव्हती. मी निर्धास्त झाले ती त्यामुळेच.

काम सुरू झालं आणि आम्ही तीन दिवस साताऱ्याला लग्नाला गेलो. त्याला तारखा माहीत होत्या. रोज व्हॉट्सॲपवर फोटो येत होते, सोलिंगचे दगड, त्यावर ठोकायची धुमस, पाइपचा चर. परत आलो तेव्हा काँक्रीट झालं होतं. ते फोटो मी नीट पाहिले ते पाणी घरात शिरल्यावर. आमची कंपाउंडची भिंत काळ्या दगडाची आहे, फोटोतली गिलावा केलेली. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणाचे फोटो होते ते.

शेवटचा हप्ता मागताना त्याने बादलीभर पाणी आणलं आणि जाळीपासून हातभर अंतरावर ओतलं. पाणी सुर्रकन आत गेलं. "बघा ताई, थेंब राहिला नाही." मी उरलेले ३० हजार तिथल्या तिथे रोख दिले. आता हिशेब बघा. ३०० चौरस फूट म्हणजे जवळपास २८ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. पुण्यात जोराची सर आली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर या अंगणावर १४०० लिटर पाणी पडतं, २० लिटरच्या सत्तर बादल्या. आमच्या गच्चीचा पाइपही तिथेच उतरतो, ते पाणी वेगळंच. एका बादलीवर मी विश्वास ठेवला याचा मला आजही फार त्रास होतो.

पाणी शिरलं त्या रात्री बाबांना खुर्चीसकट उचलून पुढच्या खोलीत आणलं. आईची लाकडी पेटी खालून भिजली. सकाळी ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना बोलावलं. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक चेंबरपाशी धरलं, दुसरं मागच्या दारापाशी; दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, तिथून फरशी मोजली. दारापाशी फरशी दीड इंच खाली निघाली. उतार घराकडेच होता! मग कोपऱ्यातली एक फरशी उचलली. खाली काँक्रीटचा जेमतेम दोन इंचांचा थर आणि त्याखाली आमचीच जुनी शहाबादी. खोदाई नाही, सोलिंग नाही. जुनी फरशी न काढल्यामुळे अंगणाची पातळी चढली. आधी उंबरठ्यापासून अंगण ७ इंच खाली होतं, आता जेमतेम साडेतीन. राडारोडा उचलल्याचे ६ हजार मात्र त्याने घेतले होते.

मग चेंबर उघडलं. पाइपमध्ये पट्टी सारली, ती सहा फुटांवर अडकली. तिथे खणलं तर पाइपचं तोंड काळ्या मातीत उघडंच पुरलेलं. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी पुढे जाऊ देत नाही. कोरड्या मे महिन्यात बादलीभर पाणी चेंबरमध्ये आणि सहा फुटांच्या पाइपमध्ये सहज मावलं, पावसाचं मात्र उलट फिरलं.

ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "दहा हजार द्या, पाइप मागच्या ड्रेनेजच्या चेंबरला जोडून देतो." असा जोड कुणीही करून घेऊ नका. मैल्याच्या लाइनमध्ये पावसाचं पाणी सोडायचं नसतं. जोराच्या पावसात ती लाइन तुंबली की तीच घाण जाळीतून अंगणात येते. मी नाही म्हटलं, त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

काम चालू असताना घर सोडू नका. सोडावंच लागलं तर काँक्रीटच्या आदल्या दिवशी घरचं कोणीतरी तिथे उभं राहू दे. पाइप बुजवण्याआधी दोन्ही टोकं डोळ्यांनी बघा. शेवटच्या हप्त्याआधी होजपाइप अर्धा तास घराच्या भिंतीपाशी सोडून ठेवा आणि स्वतः रस्त्याच्या गटारापाशी जाऊन पाणी बाहेर पडतंय का ते पाहा. हे मला गवंड्यांनी सांगितलं, ते कामाआधी भेटायला हवे होते.

बिल मागितलं तेव्हा "बिल घेतलंत तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल" असं ठेकेदार म्हणाला आणि आम्ही गप्प बसलो. तेही चुकलंच. आता हातात आहे ते त्याच्या सहीचं कोटेशन, एक लाखाच्या यूपीआय नोंदी, ते फोटो आणि उखडलेल्या फरशीचा आम्ही काढलेला व्हिडिओ. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे कागद जुळवते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

गवंड्यांनी सध्या दाराच्या भिंतीलगत चर कापून पाणी बोळातून रस्त्याकडे वळवलं आहे. पाऊस असला की चरात पानं अडकतात, ती काढायला रात्री एकदा उठावं लागतं. फरशी पूर्ण उखडून नव्याने काम करायचं ते दिवाळीनंतर, माती वाळल्यावर.