पहिली क्रूझ: लक्षद्वीप, सिंगापूर की थेट कॅरिबियन?

पुण्यात बसून सहकुटुंब क्रूझचा विचार सुरू झाला की तीन पर्याय समोर येतात. मुंबईहून निघून गोवा किंवा लक्षद्वीप, सिंगापूरहून मलेशिया-थायलंड आणि मायामीहून कॅरिबियन. बहुतेक घरांत चर्चा जहाजाच्या फोटोंवरून सुरू होते: घसरगुंड्या किती, स्वीमिंग पूल किती, मजले किती. जहाज शेवटी ठरवलं तरी चालतं. आधी पाहायचं ते पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे का, रजा किती दिवस मिळते आणि अमेरिकेत जवळचं कोणी आहे का. या तीन उत्तरांवर निम्म्याहून जास्त निर्णय होऊन जातो.

आमचं मत आधीच सांगतो. अमेरिकेचा व्हिसा नसेल आणि तिकडे दुसरं काही कामही नसेल, तर फक्त क्रूझसाठी कॅरिबियन गाठणं पहिल्या खेपेला महागात पडतं, सिंगापूर बरं. मुलगा किंवा मुलगी ह्यूस्टन, अटलांटा, न्यू जर्सीकडे असेल, आजी-आजोबांचा दहा वर्षांचा व्हिसा आधीच झालेला असेल, तर मात्र कॅरिबियनसारखी सोय दुसरी नाही. तिथून मायामी हे देशांतर्गत विमानाचं अंतर आहे.

पैसे आणि रजा

आई, वडील आणि दोन मुलं एका केबिनमध्ये, डॉलर 90 रुपये धरून कॅरिबियनचा अंदाज असा निघतो. मुंबई–मायामी परतीचं तिकीट, दुबई, दोहा किंवा युरोपमार्गे, माणशी 1.1 ते 1.4 लाख. थेट विमान नाही. थांबा धरून एका बाजूचे 20 ते 24 तास जातात. व्हिसाची फी माणशी 185 डॉलर, म्हणजे चौघांचे 740. मोठ्या जहाजावर 7 रात्रींची एक केबिन साधारण 3500 ते 6000 डॉलर. टिप बहुतेक कंपन्या माणशी रोज 16 ते 20 डॉलर लावतात आणि ती मुलांनाही लागते. 18 धरले तर 18 × 4 × 7 म्हणजे 504 डॉलर. मायामीत दोन रात्री आणि टॅक्सी मिळून 600, बंदरांवरच्या सहली काटकसरीने 800. सगळं मिळून 10 ते 13.5 लाख. यात विमा, वायफाय, खरेदी धरलेली नाही. 7 रात्रींच्या क्रूझला रजा किमान 11-12 दिवसांची लागते.

सिंगापूरचं विमान मुंबईहून साडेपाच तासांच्या आसपास, तिकीट माणशी 30 ते 40 हजार. 4 रात्रींची क्रूझ आणि सिंगापुरात दोन रात्री धरून चौघांचे 4 ते 5 लाख होतात आणि दोन शनिवार-रविवार पकडले तर रजा पाचच दिवसांची. दर मागेपुढे होतील, पण दोन्ही सहलींमधलं प्रमाण साधारण असंच राहतं.

लक्षद्वीपला व्हिसाही नाही, विमानही नाही. बॅलार्ड पिअरला जायचं आणि चढायचं. कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे 1990 सालचं जहाज आहे, सुमारे 48,500 टनांचं. मायामीहून निघणारं आयकॉन ऑफ द सीज जवळपास 2,48,600 टनांचं आहे. म्हणजे फोटोतल्या घसरगुंड्या इथे शोधू नयेत. क्रूझ हा प्रकार घराला मानवतो का, एवढंच तपासायचं असेल तर गोव्याची छोटी फेरी पुरेशी आहे. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीतून उतरावं लागतं. समुद्र खवळलेला असेल तर बेट लांबूनच बघायचं, आणि त्याचे पैसे परत मिळतीलच असं नाही.

टूर कंपनीकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो. तो बुडीत खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. मात्र तोवर रक्कम अडकते. परदेशी क्रूझ कंपनीचं बुकिंग थेट कार्डावर केलं तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क, बहुधा 2 ते 3.5 टक्के, वर चढतं.

व्हिसा: इथेच बेत फिसकटतात

कॅरिबियन क्रूझ मायामीहून निघते आणि मायामीलाच परत येते, म्हणजे अमेरिकेत प्रवेश दोनदा होतो. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच हवा. भारतीयांना बी1/बी2 हा पर्यटक व्हिसा सहसा तसाच आणि 10 वर्षांसाठी मिळतो. डीएस-160 हा ऑनलाइन अर्ज भरायचा, एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत. दोन्ही मुंबईत बीकेसीला घेतलं तर पुण्याहून दोन फेऱ्या किंवा एक मुक्काम. सप्टेंबर 2025 पासून 14 वर्षांखालच्या मुलांनाही साधारणपणे मुलाखतीतून सूट नाही, त्यामुळे शाळा बुडेल हे धरून चला. अपॉइंटमेंटला कित्येक महिने लागू शकतात. हातात व्हिसा येण्याआधी परत न मिळणारं बुकिंग करू नये, ऑफर कितीही गोड असली तरी.

अमेरिकेतल्या मुलांबरोबर जाणाऱ्यांसाठी एक अडचण आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. मुलगा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मुदतवाढ मंजूर झाल्याचा आय-797 हा कागद हातात आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली आहे, ही परिस्थिती अगदी नेहमीची. अशा माणसाने बहामा किंवा जमैकाला क्रूझने जाऊन परत येणं धोक्याचं आहे. संपलेल्या व्हिसावर परत येण्याची सवलत एच-1बीवाल्यांना कॅनडा-मेक्सिकोपुरती आहे, कॅरिबियन बेटांसाठी नाही. तेव्हा बुकिंगआधी मुलाच्या आणि सुनेच्या व्हिसाची तारीख बघा. आणि आई-वडिलांनी असंही समजू नये की क्रूझ करून आलं की सहा महिन्यांचा मुक्काम पुन्हा नव्याने सुरू होतो. जवळच्या बेटांवर जाऊन आल्याने तो वाढेल असं धरता येत नाही.

सिंगापूरचं काम याच्या तुलनेत किरकोळ. व्हिसा लागतो, पण अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन होतो, फी 30 सिंगापूर डॉलर. जहाज परत सिंगापूरलाच येणार असल्याने इथेही मल्टिपल एन्ट्री आहे ना हे बघून घ्यावं. मलेशिया-थायलंडचे नियम मध्येमध्ये बदलतात, म्हणून निघण्याआधी पुन्हा तपासावेत.

नावाचा घोळ दोन्हीकडे होतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. क्रूझच्या फॉर्मवर लोक ते गाळतात आणि चेक-इनला अडतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर भरावं. नातवंडं आई-वडिलांशिवाय आजी-आजोबांबरोबर जाणार असतील तर नोटरी केलेलं संमतिपत्र हवंच.

कधी जायचं

पुण्याच्या शाळांच्या सुट्ट्या आणि कॅरिबियनचं हवामान एप्रिल-मे महिन्यांत छान जुळतं. चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे दिवाळीची सुट्टी हंगामाच्या शेपटात येते. जहाज वादळात शिरत नाही, वाट बदलतं. पण मग तिकिटावर लिहिलेलं बेट चुकतं आणि करारानुसार कंपनी सहसा फक्त त्या बंदराचं शुल्क परत करते. नाताळ आणि मार्चमधली अमेरिकी कॉलेजांची सुट्टी हे सगळ्यात महाग आणि गोंगाटाचे आठवडे. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ येऊन साचतं, कुजलं की वास मारतं. तिथल्या कोस्टा माया बंदराला याचा त्रास जास्त.

लक्षद्वीपची फेरी पावसाळ्यात बंदच.

कॅरिबियन ठरलं, तर पूर्व की पश्चिम?

पश्चिमेच्या वाटेवर कोझुमेल, रोआतान, ग्रँड केमन, जमैकातलं फालमाउथ अशी बंदरं लागतात. पूर्वेला सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि प्वेर्तो रिकोचं सान हुआन. दोन्हीकडे मध्ये एखादा दिवस बहामातल्या कंपनीच्या खासगी बेटाचा असतो, आणि लहान मुलांना बहुधा तोच सगळ्यात आवडतो: बंदर, किनारा, जेवण सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

पोहणारी, स्नॉर्कल करणारी दहा-बारा वर्षांवरची मुलं असतील तर पश्चिम. कोझुमेलचे प्रवाळ किनाऱ्यापासून जवळ आहेत. माया संस्कृतीचे अवशेषही याच बाजूला. मात्र कोझुमेलहून तुलुमला जायचं तर आधी फेरीबोट, मग बस आणि तसंच परत. सात वर्षांच्या मुलाला घेऊन हा उपद्व्याप करू नये. ग्रँड केमनला धक्का नाही, टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने उतरावं लागतं. गुडघेदुखीच्या आजीला हलत्या बोटीत पाय टाकणं जड जातं आणि व्हीलचेअरला तर कर्मचारी नाहीही म्हणू शकतात.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पूर्व. सान हुआनचं जुनं शहर धक्क्याला लागूनच आहे आणि एल मोरो किल्ला तिथून चालत किंवा छोट्या टॅक्सीने होतो. सेंट मार्टिनला माहो किनाऱ्यावर विमान डोक्यावरून जातं, मुलं खूश. पण पूर्वेची बेटं लांब असल्याने समुद्रातले दिवस बहुधा जास्त. कुणाला बोट लागत असेल तर हे लक्षात घ्या.

दक्षिणेच्या वाटेवर, म्हणजे अरुबा, कुरासाओच्या बाजूला, काही जहाजं कोलंबिया किंवा पनामाला थांबतात. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या खेपेला या वाटेला जाऊच नका.

पश्चिमेच्या वाटेवर लोक जहाज चुकवतात ते मोबाइलच्या घड्याळामुळे. उन्हाळ्यात मायामीचं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. कोझुमेलचं वर्षभर बदलत नाही. जहाज मायामीच्याच वेळेवर चालत असेल आणि तुमचा मोबाइल धक्क्यावर मेक्सिकोची वेळ पकडून बसला, तर मोबाइलवर साडेतीन वाजलेले असताना जहाजात साडेचार होऊन गेलेले असतात. परत चढायची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ न्यायचं आणि ते उतरताना दारावर लिहिलेल्या वेळेला लावायचं. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला कोणी थांबत नाही; तिथे दीड-दोन तास हातात ठेवून परत फिरा.

केबिन, जेवण आणि बाकीचं

चौघांची केबिन म्हणजे बहुधा एक डबल बेड, एक सोफा-बेड आणि छतातून खाली येणारी बर्थ. आतली केबिन 15 चौरस मीटरच्या आसपास. दुपारी झोपणारं मूल असेल तर बाल्कनीचे पैसे वसूल होतात: मूल आत झोपतं, मोठ्यांना बाहेर बसता येतं. मुलं मोठी असतील तर समोरासमोर दोन आतल्या केबिनी जास्त सोयीच्या. अमेरिकेहून निघणाऱ्या बहुतेक जहाजांवर प्रत्येक केबिनमध्ये कागदोपत्री 21 वर्षांवरचा एकजण असावा लागतो, रात्री कोण कुठे झोपतं तो तुमचा प्रश्न.

ताम्हिणीत ज्याला गाडी लागते त्याला बोट लागण्याची शक्यता आहेच. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. नाकाडाशी आणि वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त जाणवते. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. मुलांचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून आणा.

सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक जहाजांवर घेत नाहीत. डायपरमधल्या मुलांना मुख्य पूल बंद. मुलांचा क्लबही साधारण 3 वर्षांपासून, शी-शूचं सांगता येणाऱ्यांसाठी.

शाकाहाराचं म्हणाल तर सिंगापूरची जहाजं सरळ सरळ सोपी, भारतीय पदार्थ रोज असतात. कॅरिबियनला बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन असं नोंदवा आणि पहिल्या रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये हेड वेटरला भेटून उद्याचं आज सांगा. मग डाळ, भाजी, भात वेगळा करून देतात. बुफेवर विसंबलात तर पिझ्झा, सॅलड आणि फ्रेंच फ्राइज यांवर आठवडा काढावा लागेल. बाकरवडीची, चिवड्याची बंद पाकिटं चालतात. घरच्या डब्यातले लाडू, किटली, छोटा कुकर, इस्त्री काढून घेतात.

मोबाइल चढल्या चढल्या फ्लाइट मोडवर. समुद्रातलं नेटवर्क बाहेरच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही आणि बिल हजारांत येतं. विम्याच्या कागदात क्रूझ आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

कॅरिबियनला जहाज सुटण्याच्या किमान एक, शक्यतो दोन दिवस आधी मायामीत पोहोचा. दुबईचं जोडविमान चुकलं तर जहाज थांबणार नाही. चढताना मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. शेवटच्या रात्री बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि बूट त्यातच बंद करून टाकणारे दर फेरीला सापडतात. परतीचं विमान मायामीहून दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका, आणि क्रूझ फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरल बंदराहून असेल तर ऑरलँडो विमानतळापर्यंतचा तासाभराचा रस्ता त्यात वाढवा.