डोंगराच्या पायथ्याशी गुंठा घेण्याआधी हे वाचा

पुण्यात कात्रजच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही एक गुंठा जागा घेतली. पैसे पूर्ण दिले, सातबाऱ्यावर नाव लागलं आणि त्यानंतर कळलं की तिथे घर बांधताच येणार नाही. जागा बीडीपीत आहे, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात. विकणाऱ्या एजंटाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोच माणूस आजही शेजारच्या गटात प्लॉट विकतो आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

व्यवहार कागदावर कसा बसवला ते आधी सांगते. जमिनीचे फार लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे तेव्हा सुट्या एका गुंठ्याचं खरेदीखत होत नव्हतं. म्हणून एजंटाने अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत केलं आणि त्यात आम्हा दहा जणांची नावं घातली. अकरावा गुंठा म्हणे रस्त्यासाठी. कुणाचा कोपरा कुठला, हे फक्त नोटरी केलेल्या ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. खरेदीखतात वेगळी चतुःसीमा कुणाचीच नाही, सगळं सामाईक. बाकीच्या नऊ जणांना आम्ही नोंदणीच्या दिवशी पहिल्यांदा भेटलो.

पुढे फेरफार मंजूर झाला आणि सातबारा हातात आला. पैसे माझ्या सासऱ्यांच्या फंडाचे होते. त्यांनी तो उतारा देवापुढे ठेवला. त्यांचं सगळं आयुष्य गावाकडच्या जमिनीत गेलं आणि तिथे सातबाऱ्यावर नाव आलं की विषय संपतो. एजंट नेमका याच विश्वासावर धंदा करतो. सातबारा जमीन कुणाची, किती, त्यात पीक काय आणि बोजा कुणाचा, एवढं सांगतो. तिथे घर बांधता येईल की नाही, हे शहराचा विकास आराखडा ठरवतो. जागेचा हा ठरलेला वापर, म्हणजे झोन, सातबाऱ्यावर छापलेला नसतो.

आम्हाला दाखवलेल्या रंगीत पत्रकात आमचे प्लॉट पिवळे होते. आराखड्यात पिवळा रंग निवासी भागाचा असतो, म्हणून तोच निवडला होता. खाली बारीक अक्षरात ‘प्रस्तावित आर झोन’. जागेवर फक्कीच्या रेघा, सिमेंटचे खांब, मुरमाचा रस्ता आणि वर पावसाळ्यातला हिरवागार उतार. पुढे महापालिकेतून भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा काढला, तेव्हा आमचा गट नंबर सगळाच्या सगळा हिरव्यात, म्हणजे बीडीपीत होता. पिवळ्याचा ठिपकाही नाही.

हे हिरवं कुठून आलं, तेही माहीत असायला हवं, कारण एजंट म्हणतो, ‘बीडीपी आज आहे, उद्या उठेल.’ १९९७ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. बावधन, वारजे, धनकवडी, कात्रज, कोंढवा या भागांतले डोंगर त्यांच्याबरोबर शहरात आले. ते मोकळे राहावेत म्हणून वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी आणि पुण्यातल्या संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मध्येच ४ टक्के बांधकामाला परवानगी द्यावी असाही प्रस्ताव होता. लोकांनी तो पुढे जाऊ दिला नाही. शेवटी २०१५ मध्ये सुमारे ९७८ हेक्टरचं आरक्षण मंजूर झालं आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून जमिनीच्या ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क ठरला.

आम्ही जाब विचारला तेव्हा एजंटाने याच टीडीआरचं गाजर दाखवलं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याचे ८ टक्के सत्त्याऐंशी चौरस फूट, एका न्हाणीघराएवढे. आणि तेही जागा महापालिकेच्या ताब्यात दिल्यावर, दहाही सह्या एकत्र आल्या तर.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. बैठक आहे म्हणून एजंटाने सगळ्या प्लॉटधारकांना बोलावलं आणि छापील अर्ज वाटले. नगरविकास विभागाच्या नावाने मजकूर तयार होता: आम्ही गरीब मध्यमवर्गीय, आमच्या आयुष्यभराची कमाई अडकली आहे, तरी हा गट निवासी करावा. खाली फक्त सही करायची. म्हणजे आधी आम्हाला फसवायचं आणि मग आमचंच रडगाणं पुढे करून डोंगर मोकळा करून घ्यायचा. तो निवासी झालाच, तर वरचे शेकडो गुंठे कुणाचे? त्याचेच. अनेकांनी सही केली. त्यांना मी नावं ठेवत नाही, पैसे अडकलेला माणूस कशालाही हात घालतो. आमच्या घरातून सही गेली नाही.

कारण या डोंगराचं पाणी कुठे जातं ते आम्ही पाहिलं आहे. २०१३ च्या जूनमध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीला डोंगर फोडून केलेल्या सपाटीवरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई आपल्या लहानग्या मुलीसह वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने काठच्या सोसायट्या आणि वस्त्यांमध्ये काय हाहाकार केला, ते पुणेकरांना सांगायला नको. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही, हा नियम कुणाच्या हट्टापायी आलेला नाही.

सध्या आमची पोलिसांत फसवणुकीची तक्रार आहे. निम्मी रक्कम रोखीत गेली, तिची पावती त्याने दिली नाही, त्यामुळे पुरावा आहे तो बँकेतून गेलेल्या रकमेचाच. दहापैकी एकाने पत्र्याची खोली उभी केली होती, त्याला महापालिकेची नोटीस आली.

तुम्हाला असा प्लॉट कुणी दाखवला, तर टोकन देण्याआधी गट नंबर मागा आणि त्या हद्दीतल्या नियोजन प्राधिकरणाकडून, म्हणजे महापालिका असो वा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः अर्ज करून काढा. एजंटाने आणलेली झेरॉक्स चालवून घेऊ नका. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकत असतील, तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक लागतो. एजंटालाही स्वतःचा लागतो. बँक त्या प्लॉटवर कर्ज देते का, हेही विचारून बघा. आणि ‘झोन बदलणार आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते खरेदीखतात लिहून द्यायला सांगा. आमच्या एजंटाने तेवढं मात्र कधीच लिहून दिलं नाही.