पूलचा खेळ सुधारायचा तर पुस्तक की व्हिडिओ?

पूल म्हणजे क्यू नावाच्या काठीने पांढरा बॉल मारून इतर बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालण्याचा खेळ. निवड करण्याआधी टेबलावर एक चाचणी घ्या. ऑब्जेक्ट बॉल (जो पॉकेटमध्ये घालायचा तो) टेबलाच्या मध्यावर ठेवा आणि पांढरा बॉल त्याच्या दोन फूट मागे. दोन्ही बॉल आणि कोपऱ्यातलं पॉकेट एका रेषेत हवेत. पांढरा बॉल धडकेनंतर जागीच थांबेल असा स्टॉप शॉट दहा वेळा मारा. पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालणं) वारंवार हुकत असतील किंवा थांबलेला पांढरा भोवऱ्यासारखा गरगरत असेल, तर दोष स्ट्रोकचा, म्हणजे क्यू चालवण्याच्या पद्धतीचा, किंवा उभं राहण्याचा. अशांनी व्हिडिओपासून सुरुवात करावी. दहापैकी आठ-नऊ साफ जातात, तरीही खऱ्या गेममध्ये पॉटनंतर पांढरा भलतीकडे जातो? मग पुस्तक घ्या.

स्ट्रोक शब्दांत पकडणं अवघड. टिप, म्हणजे क्यूचं टोक, बॉलला लागते त्या क्षणी कोपराखालचा हात जमिनीशी साधारण काटकोनात असावा, हे पुस्तकही सांगेल. पण क्यू मागे नेतानाची संथ लय आणि शॉटनंतरही खालीच राहिलेलं डोकं पाहिल्याशिवाय कळत नाही. व्हिडिओची मोठी उणीव म्हणजे शिकवणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून स्वतःचं स्लो मोशन चित्रण करा: एकदा बाजूने, क्यूच्या उंचीवर, एकदा समोरून, पॉकेटच्या मागून. समोरून घेतलेल्या चित्रणात क्यू डावी-उजवीकडे भरकटतो का ते लगेच दिसतं. शिवाय व्हिडिओत बहुधा जमलेलाच शॉट ठेवलेला असतो, तेव्हा तो किती सोपा आहे याचा अंदाज त्यावरून बांधू नका.

पांढरा कुठे जाईल, हे शिकायला मात्र आकृत्यांना तोड नाही. धडकेच्या वेळी पांढऱ्याला पुढची-मागची फिरकी नसेल, तर तो ऑब्जेक्ट बॉलच्या वाटेशी जवळपास काटकोनात निघतो. नैसर्गिक गतीने लोळत आला असेल आणि पाव ते पाऊण बॉल इतकी जाड धडक असेल (म्हणजे नेम धरताना पांढरा ऑब्जेक्ट बॉलचा तेवढा भाग झाकत असेल), तर मूळ दिशेपासून सुमारे ३० अंशांनी वळतो. हे दोन नियम पाठ झाले की निम्मी पोझिशन, म्हणजे पुढच्या शॉटसाठी पांढरा हवा तिथे आणणं, हातात येते. टिप कुठे लावायची तेही आकृतीत अचूक दिसतं: ५७ मिलिमीटरच्या बॉलवर केंद्रापासून साधारण १४ मिलिमीटरपेक्षा दूर गेलात की टिप घसरते.

पण आकृती दोन ठिकाणी फसवते. एक म्हणजे वेग. जोरात मारलेल्या फॉलो शॉटमध्ये (पांढऱ्याला पुढची फिरकी देऊन मारलेल्या) पांढरा आधी काटकोनाच्या रेषेवर धावतो आणि मग पुढे वळतो. कागदावर ती सरळ रेघ असते. इथे वरून घेतलेला व्हिडिओच उपयोगी. दुसरं म्हणजे बॉलमधलं घर्षण. कट शॉटमध्ये (ऑब्जेक्ट बॉलला कडेने धडक देणाऱ्या) ते ऑब्जेक्ट बॉलला थोडं पांढऱ्याच्या मूळ वाटेकडे ओढतं, हळू आणि फिरकी नसलेल्या शॉटमध्ये सर्वांत जास्त. आकृतीप्रमाणे नेम धरला तर बॉल पॉकेटच्या जाड बाजूला, म्हणजे कमी कापल्यासारखा, लागतो. असे शॉट किंचित पातळ, म्हणजे ऑब्जेक्ट बॉलच्या आणखी कडेला धडक देऊन, कापावेत.

पुस्तक चाळताना प्रत्येक आकृतीत टिपची जागा आणि शॉटचा वेग दिलाय का ते बघा. नसेल तर परत ठेवा. व्हिडिओत टिप-बॉल संपर्क जवळून आणि पूर्ण टेबल वरून, दोन्ही दिसायला हवं. सराव करताना बॉलच्या जागा कागदी ठिपके चिकटवून पक्क्या करा, नाहीतर दर वेळी शॉट थोडा वेगळा होतो आणि चूक नेमाची की मांडणीची, ते समजत नाही.